शेवंतीला अंधार लागतो

नाशिक
१६ जून २०२४

प्रिय जिज्ञा,

फोनची मिनिटं 'आई कशी आहे, तू कशी आहेस' एवढ्यातच संपतात. त्यात तू दुकानात असलीस की मागून गिऱ्हाइकांचा कालवा. म्हणून हे पत्र. इथून जाणारं पत्र उघडून वाचतात, पण वाचू देत. मी शेवंतीचंच लिहिणार आहे.

मला जेलच्या बागेच्या कामाला लावलंय. साहेबांनी विचारलं, "बाहेर काय करायचास?" म्हटलं, "बदलापूरला, बारवीच्या रस्त्याला शेती आहे. फुलं करतो. शेवंती." त्यांनी माझे कागद चाळले आणि शिपायाला म्हणाले, "याच्या हातात फावडं द्यायचं नाही." कागदात सगळं लिहिलेलं असतं. विकासला कशानं मारलं, कुठे मारलं. तेव्हा मला खुरपं मिळालंय. बाकीचे खणत पुढे जातात आणि मी मागून ढेकळं फोडत बसतो. चाललंय.

आता तुझं काम. मागच्या पडवीत पिशव्यांत मुनवे, जुन्या झाडांच्या बुडाचे फुटवे, धरून ठेवलेत असं तू म्हणालीस. त्यांना मुळं फुटली असतील. एक चांगला पाऊस पडला की लगेच लावून टाक. मोठा पाऊस बसला की मुळं कुजतात. सपाटीला लावू नकोस, गादीवाफे कर आणि पाणी निघून जाईल असा उतार दे. दोन रोपांत हातभर जागा सोड. आत्ता उघडंबोडकं दिसेल, पण भाद्रपदात वाट मिळणार नाही इतकं भरतं. आईला बांधावर बसव. ती नुसतं बोट दाखवेल, तू लाव. तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रजेचा अर्ज टाकला होता. नामंजूर झाला. यंदाही येणं व्हायचं नाही. आईला सांग, पण नीट सांग.

आणि ठमाकाकीच्या दारात थांबू नका. आपली वाट तिच्या अंगणातूनच आहे, दिसणारच. पण आपण होऊन तोंड दाखवू नका. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. तिचा एकुलता एक विकास माझ्या हातून गेलाय.

कमलेश


बदलापूर
७ जुलै २०२४

दादा,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं त्या दिवशी मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून घरी येईपर्यंत चिखलानं माखले होते, आणि पत्र पिशवीत कोरडं राहिलं होतं. तीनदा वाचलं. फावड्याचं वाचून कसंतरी झालं. मग हसूही आलं. तू असं का लिहितोस?

लागवड झाली. दुकानातून सुट्टी मागितली तर प्रीतमसेठ म्हणाले, "सीझन में छुट्टी? शादी है क्या घर में?" म्हटलं, "नहीं सेठ, फूल लगाने हैं." त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. दिवसभर लेस आणि जरीच्या पट्ट्या कापून बोटं मऊ पडलीत माझी, खुरपं धरून फोड आले. वाफे तू सांगितलेस तसेच केले. पूर्वेच्या कडेला रोपं जरा दाट लागली, मला अंदाज आला नाही.

आई बरी आहे. बसून असते. तिनं बांधावरून सगळं बघितलं आणि मान डोलावली. रजेचं तिला सांगितलं. तिनं तुझं नाव घेतलं.

काकी दिसते अधूनमधून. शिव्या देत नाही.

रोपं जगली की पुढे काय करायचं ते लिही. शेंडे कधी खुडायचे, मला आठवत नाही. ते तू आणि आई करायचात. मी शाळेतून येईपर्यंत झालेलं असायचं.

जिज्ञासा


नाशिक
४ ऑगस्ट २०२४

जिज्ञा,

शेंडे आत्ताच खुड. रोप वितभर झालं आणि अंग धरलं की वरचा कोवळा शेंडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मोडायचा. नखानं नाही, मोडायचा. टच असा आवाज आला पाहिजे. वाईट वाटू देऊ नकोस. शेंडा गेला की बाजूनं चार फांद्या येतात. श्रावण संपायच्या आत आणखी एकदा खुड, आणि त्यानंतर हात लावू नकोस. त्यानंतर खुडलंस तर कळ्याच मोडतील.

पानाखाली मावा बसतो. बारीक, काळा. दिसला तर निंबोळीचं पाणी मार. करपा आलेली पानं तोडून लांब टाक, बांधावरच ढीग करू नकोस.

इथेही मी शेवंती लावलीय. साहेबांनी कुठून तरी कुंड्या आणवल्या होत्या, त्यांतले मुनवे काढले. अर्धे भिंतीच्या कडेनं लावले आणि अर्धे भटारखान्यामागे. भटारखान्यामागे जागा घाण आहे, कुणी तिकडे बघत नाही. पण माती काळी आहे.

आईला दोन ओळी लिहायला सांग ना. तिला लिहायचा कंटाळा, ठाऊक आहे. पण नाव तरी लिहील. बँकेत करते तशी सही करून पाठव. 'कमूस आईचा आशीर्वाद' हे तू लिही आणि खाली तिची सही. बरेच महिने झाले, मी तिच्या हातचं काही बघितलेलं नाही.

तू भेटायलाही आली नाहीस. येण्याजाण्यात दिवस जातो, कळतं मला. तक्रार नाही.

कमलेश


बदलापूर
१५ ऑक्टोबर २०२४

दादा,

उत्तराला उशीर झाला. गौरी-गणपतीत दुकान सोडवेना, मग दसरा. रागावू नकोस.

दोनदा शेंडे खुडले. टच आवाज आला. रोपं अशी माजलीत की तू बघितलंस तर म्हणशील, ही आपली नव्हेतच. कमरेला लागतात. पानं हिरवीगार, मावा एकदाच आला होता, तो गेला. पण दादा, कळी नाही. एकसुद्धा नाही. दसऱ्याला लोकांची फुलं आली. वांगणीकडच्या टोपल्या स्टेशनबाहेर लागल्या होत्या, पिवळीधमक शेवंती. मी त्यातलीच विकत घेऊन घरी आले. आपल्या रानात उभी शेवंती असताना विकतची फुलं उंबऱ्याला लावली.

खत जास्त झालं का? की मी दुसऱ्यांदा उशिरा खुडलं? श्रावणातच खुडलं होतं, शपथ. प्रत्येक फांदी नुसती वर चाललीय. पानं, पानं, पानं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी वाकून वाकून बघते. पश्चिमेच्या कडेला, आंब्याच्या सावलीत जी पाचसहा रोपं आहेत, त्यांना मात्र बारीक गाठी धरल्यासारख्या वाटतात. बाकी काहीच नाही.

माझ्या हातालाच नाही का येत काही?

आईची सही पाठवायची राहिली. तिच्या हाताला जरा त्रास आहे, म्हणून. काळजीचं नाही.

जिज्ञासा


नाशिक
२४ ऑक्टोबर २०२४

जिज्ञा,

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. खतही नाही. मी काय झालंय ते सांगतो, आणि मग तू मला खरं काय ते सांग.

इथे भिंतीच्या कडेला लावलेली माझी झाडं तुझ्या झाडांसारखीच आहेत. उंच, हिरवी, आणि वांझ. भटारखान्यामागच्या झाडांना कळ्या फुटून रंग दिसायला लागलाय. मुनवे एकाच कुंडीतले, माती जवळपास एक, पाणी मीच घालतो. आठवडाभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं. भिंतीवर मोठे दिवे आहेत, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत जळतात. भटारखान्यामागे अंधार असतो. शेवंतीला रात्र लागते गं. रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळतं, आता फुलायचं. उजेडात तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. ती वाढत बसते.

आपल्या रानात कधी दिवा नव्हता. लाइटीचा खांबसुद्धा रस्त्याच्या वळणावर. आता उजेड पडतोय आणि पूर्वेकडून पडतोय, म्हणून आंब्याआडची झाडं वाचली. पूर्वेला कुणाची जमीन आहे? फक्त काकीची पट्टी. तिनं दिवा लावलाय. होय ना? बरोबर आपल्या शेवंतीवर तोंड करून. तिला ठाऊक आहे की आई या झाडांत जीव ठेवून आहे. माझ्यावर हात चालत नाही म्हणून आईच्या फुलांवर चालवला. तुला धमकावलंय का तिनं? म्हणून तू माझ्यापासून लपवतेस?

काका होते तेव्हा दोन्ही घरांची शेवंती एकाच टोपलीत बाजारात जायची. हे असं करायला ती तेव्हाची काकी नव्हेच. पण करू दे. मी तिचं वाईट केलं ते मोठं आहे, मान्य. पण आईनं काय केलंय?

तू जा आणि तिला सांग, दिवा काढ. भिऊ नकोस. नाहीतर आईला पाठव. आईसमोर तिची मान वर होणार नाही.

कमलेश


बदलापूर
५ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. पणत्या लावल्या नाहीत. तुझ्यावर इतकी चिडले होते की पाच-सहा दिवस उत्तरच लिहिलं नाही. आता लिहिते, सगळं लिहिते. एका दमात वाच.

आई तिच्यासमोर जाऊ शकत नाही. आईला फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड. पंधरा दिवस उल्हासनगरला दवाखान्यात होती. तुला कळवलं नाही, कारण तू आत बसून काय करणार होतास? भिंतीवर डोकं आपटलं असतंस. ती बांधावर बसली नाही. मी तुला खोटं लिहिलं. ती पडवीत खाटेवर असते आणि तिथून रान दिसतं एवढंच. सही कशी करणार?

तिला एकच शब्द येतो आता. "कमू." पाणी पाहिजे असलं तरी कमू, कूस बदलायची असली तरी कमू. दुखलं तरी कमू.

आता विचार, मी सकाळी कामावर गेले की दिवसभर हे ऐकत तिच्यापाशी कोण बसतं? प्रीतमसेठ मला घरी बसवून पगार देणार आहेत का? बाई ठेवली होती, दहाव्या दिवशी गेली. म्हणाली, घाण काढायला जमणार नाही. मी दारात बसून रडत होते. काकी अंगणातून चालत आली. झटका यायच्या आधी दोन वर्षांत ती आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "जा तू कामाला. मी बघतंय." बस, एवढंच. त्या दिवसापासून काकीच आईला पुसते, भरवते, कूस बदलते. पेज करून आणते. विकासच्या आईनं तुझ्या आईचं हगणं-मुतणं काढलंय, दादा, आणि आई तिच्या तोंडावर दिवसभर तुझं नाव घेते. काकी म्हणते, "व्हय, व्हय." आणि पुढचा घास देते.

आता दिव्याचं. काकीनं तिची पट्टी विकली. गेल्या पावसाआधीच. सातबारा वेगळा झाला होता, तुला माहीत आहे. विकासला विकायचीच होती ना? त्यावरूनच तर तुमचं भांडण झालं. ती म्हणाली, "त्याची मर्जी होती ती. कोनासाठी ठेवू?" आता तिथे बिल्डिंग उभी राहतेय. चौथा मजला चढलाय. साइटवर रात्रभर काम चालतं आणि मोठा हॅलोजन आहे. तो आपल्या रानावर येतो. कुणी मुद्दाम लावलेला नाही. मी तुला सांगितलं नाही, कारण ज्या जमिनीसाठी तू ते केलंस ती गेलीच, हे तुला कसं लिहू?

आणि तू मला काय सांगितलंस? रजेचा अर्ज नामंजूर झाला. रजेचा अर्ज गेला की पोलीस ठाण्यातून चौकशीला घरी माणूस येतो, हे मला वकिलांनी सांगितलं. दोन वर्षांत आमच्याकडे कुणी आलं नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः ठाण्यात जाऊन विचारलं. अर्ज आलेलाच नाही. एकदाही नाही. तू टाकलाच नाहीस. मी खोटं बोलले ते तुझ्या जिवासाठी. तू कशासाठी बोललास?

तुझं पत्र मी आईच्या खाटेपाशी वाचत होते. काकी तिथे होती. उजेडामुळे कळी येत नाही, एवढाच भाग मी मोठ्यानं वाचला. बाकीचा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर पूर्वेच्या बांधावर बांबू रोवलेले आणि काकी त्यांना ताडपत्री बांधतेय. साइटवरूनच मागून आणली होती. मी दुसरं टोक धरलं. उंची कमी पडत होती, म्हणून वर काकीची जुनी लुगडी जोडली. आता सावली पडते. वाऱ्यानं सुटतं, मग पुन्हा बांधतो.

आता कळी येईल का, ते सांग. उशीर झालाय का?

जिज्ञासा


नाशिक
२० नोव्हेंबर २०२४

जिज्ञा,

उशीर झालेला नाही. अंधार मिळाला की महिन्याभरात कळी दिसेल. फूल मार्गशीर्षात येईल, थोडं लहान येईल. पाणी बेताचं दे.

मी अर्ज टाकला नव्हता. तू लिहिलंस ते खरं आहे. टाकला असता आणि रजा मिळाली असती तर मला घरी यावं लागलं असतं. घरी येणं म्हणजे काकीच्या अंगणातून येणं. दुसरी वाट नाही आपल्या घराला. मी ती वाट रोज मनात चालतो, आणि तिच्या दारापर्यंत आलो की परत फिरतो. तुम्हाला सांगायला एक कारण हवं होतं, ते साहेबांच्या नावावर ढकललं.

काकीबद्दल मी जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. चुलीत घाल. तिला कधी दिसू देऊ नकोस.

आईचं मी काय लिहू? तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस असं म्हणवत नाही. वाईट केलंस असंही म्हणवत नाही. भटारखान्यामागे बसून होतो. शिपाई आला, म्हणाला, "काय रे, तब्येत?" म्हटलं, "आई आजारी आहे." तो गेला आणि परत आला, चहा घेऊन आला. इथे कुणी कुणाला चहा आणून देत नाही.

आज अर्ज दिला. खराखुरा. आईच्या आजाराचं कारण लिहिलंय. दवाखान्याचे कागद लागतील, ते वकिलांकडे दे. चौकशीला ठाण्यातून येतील. आईला इतक्यातच सांगू नकोस. पण तिला कळतं का काही? मी आलो तर ओळखेल का?

कमलेश


बदलापूर
२८ डिसेंबर २०२४

दादा,

फुलं आली. मार्गशीर्षाच्या दुसऱ्या गुरुवारी पहिली उमलली. लहान आहेत, तू म्हणालास तशीच, पण रंग गडद आहे. काकीनं पहिली ओंजळ तोडली. मी बघत होते. तिनं ती घरी नेली आणि विकासच्या फोटोपुढे ठेवली. दुसरी ओंजळ आईच्या उशाला आणून ठेवली. आईनं डाव्या हातानं एक फूल चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

बाकीची मी दोन पिशव्या भरून कॅम्प दोनला नेली. प्रीतमसेठ गल्ल्यावर लावायला घेऊन गेले, म्हणाले, "ये तेरे घर का है? सच्ची?"

आता जे लिहायचं आहे ते. मी ते पाच दिवस टाळतेय.

सोमवारी ठाण्यातून दोघं आले. एक इन्स्पेक्टर आणि एक बाई हवालदार. आईला बघितलं, कागद बघितले. इन्स्पेक्टर भला माणूस वाटला. म्हणाला, "तुमच्या बाजूनं सगळं ठीक आहे. पण मयताच्या घरच्यांचं म्हणणं घ्यावं लागतं. कुठे राहतात?" मी म्हटलं, "इथेच आहेत." काकी आईला पेज भरवत होती. वाटी हातात होती.

खरं सांगू? मला वाटलं, झालं आपलं काम. मला एक क्षणही वाटलं नाही की ती दुसरं काही म्हणेल. दहा महिने तिनं आईला हातावर झेललंय. मनात मी तुझं अंथरूण कुठे घालायचं तेही ठरवलं होतं.

इन्स्पेक्टरनं विचारलं, "आजी, कमलेशला आईला भेटायला थोडे दिवस सोडायचंय. तुमची हरकत आहे?"

काकीनं वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले. म्हणाली, "हाय."

तो म्हणाला, "आजी, नीट विचार करून सांगा. त्याची आई अशी आहे."

"मना दिसतंय ती कशी हाय. मीच बघतंय तिला."

"मग?"

"मग काय? मी तिला मरेस्तवर भरवीन. तिचा काय गुन्हा नाय. तिचा नि माझा चाळीस वरसांचा संसार हाय या बांधाला. पन तो पोरगा या अंगनात चालत येताना मना नाय बगवनार. माझा इकास या अंगनातनं खांद्यावर गेला. दिसभर याचा नाव आयकतंय तिच्या तोंडून, तेवढा पुरे. लिवा साहेब. ठमाबाई बोलली, नको."

बाई हवालदारनं लिहून घेतलं. काकीनं अंगठा दिला. इन्स्पेक्टर बाहेर आल्यावर मला हळू आवाजात म्हणाला, "मी रिपोर्ट पाठवतो, पण हे आलं की अवघड होतं. तुम्ही समजावून बघा त्यांना. बदलायचं म्हणाल्या तर मला फोन करा."

मी आत आले. काकीनं वाटी पुन्हा उचलली होती. आई म्हणाली, "कमू." काकी म्हणाली, "व्हय." आणि चमचा तोंडाशी नेला.

दादा, मी तिच्याशी भांडले. इन्स्पेक्टर गेल्यावर वाट्टेल ते बोलले. म्हटलं, मग आईचं करता कशाला, उपकार दाखवायला? तिनं आईचं तोंड पुसलं आणि घरी गेली. मी दार लावून घेतलं. मला वाटलं उद्यापासून येणार नाही, आणि माझी नोकरी जाईल, आणि मग काय करायचं ते करू. सकाळी दार उघडलं तर ती पायरीवर बसली होती. पेजेचं भांडं मांडीवर. म्हणाली, "थंड झाली. तापव." मी तापवायला घेतली.

अजून मी तिच्याशी नीट बोलत नाही. तू सांग, तिला समजावू का? तू म्हणालास तर पाया पडेन तिच्या. आई फार दिवसांची नाही असं डॉक्टर म्हणाले. खोटं नाही लिहीत आता. काही झालंच तर पोलिसांबरोबर तासाभरासाठी तुला आणतील म्हणे, पण त्याचा आईला काय उपयोग? लवकर लिही.

जिज्ञासा


नाशिक
९ जानेवारी २०२५

जिज्ञा,

तिच्या पाया पडू नकोस. समजावू नकोस. इन्स्पेक्टरना फोन करू नकोस. आणि तिच्याशी बोल, आजच बोल. माझ्यासाठी तिच्याशी भांडलीस, ते मला झेपणारं नाही.

तुझं पत्र वाचून आधी काय वाटलं ते सांगतो. हलकं वाटलं. तुला विचित्र वाटेल. मी तीन वर्षं तिच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो, म्हणालो ना? दरवेळी मनात ती काहीतरी बोलते. कधी शिव्या देते, कधी दगड मारते. कधी तर डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, झालं गेलं, ये आत. ते सगळ्यात वाईट. त्या रात्री झोप लागत नाही. पण ती नुसती 'नको' म्हणेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आणि तेच बरोबर आहे. मी तिच्या जागी असतो तर आईला पेजही पाजली नसती.

कोर्टात वकील म्हणाला, रागाच्या भरात झालं. इथे सगळे म्हणतात, जमिनीच्या वादात होतं असं. साहेब म्हणतात, वागणूक चांगली आहे तुझी. विकास माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान. एका पाटीवर लिहिलं आम्ही, एकाच विहिरीत पोहायला शिकलो. त्याला काय हवं होतं? बिल्डिंगमध्ये एक घर आणि लग्न. मी म्हणालो, शेवंती उपटून देणार नाही. तो हसला. म्हणाला, "दादा, फुलांनी पोट भरतं का?" एवढंच म्हणाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कोर्टात सांगितलं की त्यानं आधी हात उचलला. नव्हता उचलला.

हे पत्र इथे वाचतील. वाचू देत.

मी अर्ज मागे घेतलाय. काल लिहून दिलं. साहेब म्हणाले, "अरे, थांब, अजून नामंजूर झालेला नाही, मी वर लिहितो." म्हटलं, नको. समजा त्यांनी दिली रजा, काकीच्या हरकतीवरून उडी मारून दिली, तर मी त्या अंगणात कुठल्या पायानं येऊ? आणि नाहीच दिली, तर पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज, पुन्हा पोलीस तिच्या दारात, पुन्हा तोच प्रश्न. तिला आणखी एकदा 'नको' म्हणायला लावणार नाही.

आईला मी कळवायचं असं काही नाही. ती नाव घेते तोवर घेऊ दे. तू रडत बसू नकोस तिच्यासमोर.

विकास गेला तो दिवस जवळ आलाय. त्या दिवशी रानात फुलं असतील. काकीला तोडायची तेवढी तोडू दे, तू मध्ये जाऊ नकोस. दुकानात नेऊ नकोस.

आणि आई गेली तर मला इथे कळवतील, गाडी आणि दोन शिपाई देतो म्हणतील. मी नाही म्हणेन. तेव्हा माझ्यासाठी तिला ताटकळत ठेवू नका. अग्नी तू दे. गावातलं कुणी म्हणालं, मुलगी कशी देईल, तर काकीला पुढे कर. तिच्यापुढे कुणी बोलणार नाही.

तुझा
कमलेश